ज्याचे उपकार, त्यालाच माफ करणं एवढं जड का जातं?

काटोल_नाका: १९९८ मध्ये बाबा गेले तेव्हा मी बारावीत होतो. मृग बहाराची संत्री विकली की काका काटोलहून एसटीने नागपूरला यायचे आणि माझी कॉलेजची फी भरायचे. नोटा बंडीच्या आतल्या खिशात. काउंटरवर शर्टाची बटणं काढून पैसे मोजत, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. याच काकांनी "बँकेचं काम आहे वहिनी" म्हणत आईकडून हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाट्याचा हक्क सोडल्याच्या कागदावर, सही घेतली. आता लकवा मारलाय, धंतोलीत भरती आहेत, मला बोलावतात. नातलग म्हणतात, शिकवलं त्यानं, विसर. पण उपकारापोटी माफ केलं तर ती माफी की परतफेड? आणि नाही केलं तर मी कृतघ्न?

पाली_शिकते: दादा, आम्ही बौद्ध, आमच्याकडे गृहप्रवेशाला महामंगलसुत्त हे पाली सुत्त म्हणतात. त्यात कतञ्ञुता, म्हणजे कृतज्ञता, एका गाथेत आहे आणि खन्ती लगेच पुढच्या गाथेत. शेजारी आहेत, पण मोजल्यात वेगवेगळ्या. खन्ती म्हणजे 'झालं गेलं' नव्हे. सोसूनही आकस न धरणं. फी भरली हे खरं, सही घेतली हेही खरं. एकातून दुसरं वजा करू नका.

इतवारीकर: भाऊ, आम्ही दिगंबर जैन. दशलक्षण पर्वाचा पहिला दिवस उत्तम क्षमेचा, पर्व संपलं की क्षमावाणी, एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. खरं सांगू? व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या गावाला क्षमेचा मेसेज जातो आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो नेमका सुटतो. माझा मेव्हणा सहा वर्षं सुटला. माझं पहिलं दुकान त्यानंच उभं करून दिलं होतं! परक्यानं फसवलं तर पैसा जातो. अशा माणसानं फसवलं की जुन्या उपकाराचाही संशय येतो, तेव्हापासूनच याच्या मनात होतं का म्हणून. मला तरी तेच जास्त डाचलं.

कोर्टाच्या_पायरीवर: राजेहो, हक्कसोडपत्र रजिस्टर झालं होतं का ते पाहा आधी. माफी द्या की नका देऊ, कागद पाहाच.

काटोल_नाका: काल जाऊन आलो. बोलता येत नाही त्यांना, डावा हात तेवढा हलतो. त्या हातानं माझ्या शर्टाचं बटण चाचपत राहिले. काकूनं विचारलं, "राग गेला ना बाप्पा?" म्हटलं, नाही गेला काकू. मग मोसंबी सोलत बसलो, साल काढून एकेक फोड भरवली. कागदाचं चुलत भावाशी बोलीन, पुढच्या आठवड्यात.