शाळा एकच, अनुभव दोन
मुलाला सरकारी शाळेत घालावं का, यावर लोक इतके उलटसुलट अनुभव सांगतात म्हणजे कुणीतरी वाढवून सांगतंय असं काहीजण म्हणतात, मला नाही पटत. माझी दोन्ही मुलं एकाच सरकारी प्राथमिक शाळेत, थोरलीला पहिलीत ज्या बाई होत्या त्या रोज प्रत्येकाकडून थोडं तरी मोठ्याने वाचून घ्यायच्या, सहा महिन्यांत पोरगी घडाघडा वाचायला लागली. धाकट्याच्या वेळी वर्षभरात तीनदा शिक्षक बदलले आणि तो दुसरीत गेला तरी जोडाक्षराला अडखळायचा, फार वाईट वाटायचं तेव्हा.

त्यामुळे पुढच्या वर्षी वर्ग कुणाकडे आहे, त्या शिक्षकांची बदली तर होणार नाही ना, हे आधी विचारा. आणि जमलं तर मुलांच्या वह्या बघा, चुकीवर नुसती लाल फुली आहे की शेजारी बरोबर लिहून दिलंय, मला तरी त्यावरूनच सगळ्यात जास्त कळलं.