लग्नातलं उरलेलं अन्न वाटायचं आहे, कायद्याची माहिती हवी (इंदूर)

मंडळी, नमस्कार.

इंदुरात आमचा एक छोटा गट आहे. लग्नसराईत मॅरेज गार्डनमध्ये पातेल्यातच राहिलेलं, पानात न वाढलेलं अन्न एम. वाय. हॉस्पिटलबाहेर थांबलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांपर्यंत पोचवायचं आहे. पण एका गार्डनच्या मॅनेजरने सरळ नकार दिला. म्हणाला, "उद्या कुणाला उलट्या झाल्या तर केस आमच्यावर. त्यापेक्षा ओल्या कचऱ्याच्या गाडीत टाकलेलं बरं. आणि वाया कुठे जातं? गॅस होतो की त्याचा!"

त्याची भीती मला खोटी वाटत नाही, पण शेवटचं वाक्य मनाला लागलं. इथल्या देवगुराडियाचा बायो-सीएनजी (कचऱ्यापासून गॅस बनवणारा) प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची क्षमता आहे, त्या गॅसवर शहरात बस धावतात. याचा मलाही अभिमान आहे. पण तो सालं, देठं, उष्टं यांच्यासाठी. तुपात बुडवलेले बाफले (कणकेचे उकडून भाजलेले गोळे) आणि भरलं पातेलं डाळ तिथे का जावी?

फ्रान्सने २०१६ मध्ये कायदाच केला. ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटने खाण्याजोगं अन्न नष्ट करायचं नाही, सेवाभावी संस्थांशी करार करून ते द्यायचं. त्याच वर्षी इटलीने दंडाऐवजी सवलती आणि सोप्या कागदपत्रांवर भर दिला. अमेरिकेत तर सद्‌हेतूने अन्न देणाऱ्याला १९९६ पासून कायद्याचं संरक्षण आहे. माझ्या मते आपल्याकडे सक्तीच्या आधी संरक्षण हवं. घाबरलेल्या माणसावर सक्ती केली तर तो देईल, पण शिळं झाल्यावर देईल.

आम्हाला कोणते नियम लागू होतात? नोंदणी लागते का? मॅनेजरपुढे ठेवता येईल असं काय आहे? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (बडोदेकर):
ताई, यासाठी नियम आहेत. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबाबतचे एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) २०१९ चे नियम १ जुलै २०२० पासून लागू आहेत. वाटणाऱ्या संस्थेने अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी करायची, ती एफएसएसएआयच्या फॉसकॉस या ऑनलाइन पोर्टलवर होते. शिजवलेल्या अन्नाच्या डब्यावर पदार्थाचं नाव, देणाऱ्याचा पत्ता, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं आणि शाकाहारी की मांसाहारी हे लिहायचं. देण्याघेण्याची नोंद दोघांनीही ठेवायची. मॅनेजरपुढे नोंदणी आणि ही वही ठेवा, नुसत्या विनंतीपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

भाताच्या बाबतीत मात्र कडक राहा. गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. मधल्या तापमानात तासन्‌तास पडलेल्या भातात बॅसिलस सीरियस हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं उलट्या घडवणारं विष पुन्हा उकळूनही जात नाही. भात किती वाजता शिजला हे कॅटररला विचारा. सांगता आलं नाही तर घेऊ नका, तो गॅसलाच जाऊ दे.

धागाकर्ती:
खूप आभार, दादा. नोंदणीचं काम लगेच हाती घेते. आता एकच विचारते. उरलेल्या अन्नावर हक्क कोणाचा, यजमानांचा, कॅटररचा की गार्डनवाल्याचा? बुकिंगच्या वेळीच यजमानांची लेखी संमती घेतली तर मॅनेजरचा प्रश्न सुटेल असं वाटतं. अशा संमतिपत्राचा मराठी किंवा हिंदी नमुना कोणाकडे असेल तर इथे द्याल का? देवउठनी ग्यारसपासून (कार्तिकी एकादशीपासून) लग्नं सुरू होतील, त्याआधी कागद तयार हवेत.