आंबोळगडजवळ पुळणीवर एक रात्र: तंबू नेमका कुठे लावावा?

भटकी पावलं:
जानेवारीत चौघांचा बेत आहे. राजापूर तालुक्यात आंबोळगडजवळच्या निर्जन पुळणीवर एक रात्र. नळ, वीज, संडास काही नाही. चांदणं मिळावं म्हणून पौर्णिमा धरली आहे. तंबू पाण्यापासून किती लांब हवा? वाळूत खुंट्या धरत नाहीत, त्याला काय करायचं? आणि पाणी किती न्यायचं?

सुरूबन:
पौर्णिमा सोडा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे रात्री सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास पूर्ण भरती, तीही उधाणाची. संध्याकाळी सहाला पोचाल तेव्हा ओहोटी असेल. समुद्र लांब दिसतो, खालची सपाट घट्ट वाळू मोहात पाडते आणि झोप लागल्यावर पाणी तिथवर येतं. चाळीस मीटरला एक मीटर चढ असलेल्या पुळणीवर पाणी अर्धा मीटर जास्त चढलं, तर वीस मीटर आत येतं.

शुद्ध अष्टमी घ्या. भांगाची भरती, पाणी कमी चढतं, सहाच्या आसपास तुमच्या डोळ्यांदेखत पूर्ण होते. चांदणंही मध्यरात्रीपर्यंत मिळतं.

अंतर पाण्यापासून मोजूच नका. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपले यांची सर्वांत वरची ओळ शोधा आणि तिच्याही वर, मर्यादवेल दिसते त्या पट्ट्यात मोकळी जागा बघा. वेल तुडवू नका, वाळू तीच धरून ठेवते. ओढ्याच्या किंवा खाडीच्या तोंडाशी तंबू नको, तिथे पाणी मागूनही शिरतं. माडाखालीही नको.

मतलई:
खुंट्यांऐवजी गोणपाटाच्या पिशव्या न्या. पिशवीत ओली वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा, दीड फूट खोल आडवी पुरा आणि वरची वाळू पायाने दाबा. खड्ड्यापासून तंबूच्या दिशेने दोरीसाठी तिरका चर काढा, नाहीतर दोरी वाळूत कोपरा करते आणि ताण पडला की सैल होते. ताण दोन्ही बाजूंनी द्या: संध्याकाळी वारा समुद्राकडून असतो, पहाटे मतलई जमिनीकडून.

जानेवारीत दव भरपूर पडतं. बाहेरचं कापड आतल्याला टेकू देऊ नका, जाळी उघडी ठेवा.

पाणी माणशी पाच लिटर, एकूण वीस. दहा-दहाचे दोन कॅन न्या, एक फुटला तर दुसरा उरतो. भांडी वाळूने आणि समुद्राच्या पाण्याने घासा, गोडं पाणी फक्त शेवटच्या विसळीला.

भटकी पावलं:
अष्टमीच धरतो. शेकोटी चालेल?

कातळकाठ:
नको. नोव्हेंबर ते मार्च या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालायला चढतात, उजेड दिसला की परत फिरतात. स्वयंपाक छोट्या गॅसवर, वाऱ्याला आडोसा करून. विजेरीला लाल कागद लावा.

पण कातळावर, दगडांत, सुरूच्या पाल्यात चालताना बूट हवेत आणि पांढरा उजेडही. तिथे फुरसं असतं. चावलं तर आवळून बांधू नका, चिरू नका. पाय न हलवता माणसाला उचलून न्या. प्रतिविष कुठल्या रुग्णालयात आहे ते निघण्याआधीच विचारून ठेवा. मोबाईलला रेंज कुठे मिळते तेही बघा आणि गावात पोलीस पाटलांना सांगून जा.

शौचाला भरतीच्या ओळीच्या आणि विहिरींच्या साठ-सत्तर मीटर पलीकडे, मातीत वीतभर खड्डा. कागद पिशवीत घालून परत आणा.