मदत हवी आहे: वय ७१, स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. शेक (रेडिएशन) घ्यायचा की गोळीवर भागेल?

आईच्या डाव्या स्तनातली गाठ काढली, स्तन राखला आहे. रिपोर्ट: १.६ सेंमी, ग्रेड २, कडा मोकळ्या (कापलेल्या कडेला रोग नाही), काखेतल्या ३ ग्रंथी तपासल्या, तिन्ही निरोगी. ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचे रिसेप्टर) ९० टक्के, हर-टू (कर्करोगाच्या पेशींवर तपासतात ते प्रथिन) निगेटिव्ह. एक डॉक्टर शेक घ्या म्हणतात, दुसरे म्हणतात गरज नाही. कोणाचं ऐकू?

आंबेमोहोर: दोघंही बरोबर असू शकतात. प्राइम-२ चाचणीत ६५ आणि त्यापुढच्या १,३२६ स्त्रिया होत्या. गाठ ३ सेंमीपर्यंत, काख निरोगी, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे ईआरसारखे रिसेप्टर असलेला रोग). सगळ्यांना हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी होतीच. १० वर्षांत त्याच स्तनात रोग परतला तो शेक न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्क्यांना, घेतलेल्यांपैकी ०.९ टक्क्यांना. हयात मात्र दोन्हीकडे सारख्याच, ८१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शेक टाळल्याने आयुष्य घटलं नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता वाढली, एवढंच. ईआर कमी असतं तर हा हिशेब लागू नव्हता. स्तन पूर्ण काढला असेल, तर तो प्रश्नच वेगळा.

खरी मेख गोळीत आहे. ५ वर्षं, रोज. सांधे दुखतात म्हणून मध्येच सोडणाऱ्या पुष्कळ, आणि सोडली की शेक टाळण्याचा आधारच जातो.

धागाकर्ती: हाडं ठिसूळ आहेत. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) टी-स्कोअर उणे २.८.

टाकळा: हे आधी सांगायला हवं होतं! लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या हाडं आणखी झिजवतात. सोबत दर ६ महिन्यांनी झोलेड्रॉनिक ॲसिड (हाडांची झीज रोखणारं इंजेक्शन) द्यावं लागेल, त्याआधी दातांची तपासणी. टॅमॉक्सिफेन ही दुसरी गोळी हाडांना बरी, पण पायात रक्ताची गुठळी पूर्वी झाली असेल तर नको. गोळी झेपेल का याची शंका असेल, तर माझा कौल शेकाकडे. आता तो २६ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), ५ दिवसांतही होतो. १५ दिवसांचा ४० ग्रे हाही रूढ आहे. त्यानं गोळी आपोआप बंद होत नाही, ते डॉक्टरांशी वेगळं बोला.

डावी बाजू आहे, म्हणून श्वास रोखून शेक देतात का ते विचारा. हृदय लांब राहतं. साधारण २० सेकंद श्वास धरायचा सराव घरी करून घ्या. दुसरं म्हणजे खांदा. शेकाच्या आखणीसाठी करतात त्या सीटी स्कॅनला हात डोक्यावर धरून निजावं लागतं, आणि आखडलेल्या खांद्यामुळे तारीख पुढे जाते. सर्जनना विचारून भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम आजपासूनच सुरू करा. शेकासाठी त्वचेवर केलेल्या खुणा घासू नयेत. लाली शेक संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढते, घाबरू नका.