मदत हवी आहे : न्यायाधीश निवडून द्यायचे, तर मतपत्रिका कशी असावी?

कॉलेजियमच्या (न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या आपल्या पद्धतीच्या) पर्यायांवर टिपण करतेय, मेक्सिकोपाशी गाडी अडलीय. १ जून २०२५ ला तिथे सर्वोच्च न्यायालयाचे ९ न्यायाधीश थेट मतदानाने निवडले. मतदान जेमतेम १३ टक्के. जांभळ्या मतपत्रिकेवर ६४ नावं, प्रत्येकापुढे क्रमांक. पक्ष नाही, चिन्ह नाही. मतदाराने ५ चौकटींत महिला उमेदवारांचे आणि ४ चौकटींत पुरुषांचे क्रमांक स्वतः लिहायचे. इतके आकडे कोण पाठ करणार? मग तयार आकड्यांच्या चिठ्ठ्या फिरल्या. परीक्षेतल्या कॉपीला तिथे ‘आकोर्देओन’ म्हणतात, तेच नाव या चिठ्ठ्यांना पडलं! थोडक्यात, चिन्ह काढलं तरी राजकारण मागच्या दाराने आलंच.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या पद्धतीत ही भानगड नाही : न्यायाधीश निवडीचा आयोग ३ नावं देतो, गव्हर्नर एक नेमतो, पुढे मतदार फक्त ‘ठेवा’ किंवा ‘नको’ सांगतात. पण एकच निकाल खुपला की मोहीम उभी राहते. अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात २०१० मध्ये समलिंगी विवाहाच्या निकालावरून तीन न्यायाधीशांना याच मतदानाने घरी बसवलं.

प्रश्न असा : मतदारांऐवजी जर्मनीच्या घटना न्यायालयासारखी १२ वर्षांची एकच मुदत आणि संसदेत दोन-तृतीयांश बहुमताने निवड आपल्याकडे आणायची, तर बहुमत न जुळल्यास रिकाम्या जागेचं काय करायचं? कोणी घटनादुरुस्तीच्या भाषेत कलम १२४ चा (सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीचं कलम) मसुदा करून पाहिलाय का?