राज्यसभेला टाळं लावा म्हणणाऱ्यांसाठी

कोरेगावकर
तालुक्याच्या ग्रुपवर परवा एकानं लांबलचक पोस्ट टाकली. 'राज्यसभा म्हणजे पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र, कायमचं टाळं लावा.' उदाहरण अर्थातच साताऱ्याचं. ऑक्टोबर २०१९ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत, राष्ट्रवादी सोडून भाजपकडून उभ्या राहिलेल्या उदयनराजेंना जिल्ह्यानं पाडलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते राज्यसभेत दाखल. खाली अंगठ्यांचा पाऊस. मी उत्तर लिहायला घेतलं तर 'राजकीय नको' म्हणून ॲडमिनचा निरोप, मूळ पोस्ट मात्र जागेवर. म्हणून इथं लिहितोय.

पोस्टवाल्याचा राग मला कळतो, पण काठी तो भलत्याच्याच पाठीत घालतोय. २०२० ला महाराष्ट्रातून सात जागा होत्या आणि रिंगणात सातच जण उरले. शरद पवार, फौजिया खान, राजीव सातव, प्रियांका चतुर्वेदी, उदयनराजे, रामदास आठवले, भागवत कराड. सगळे बिनविरोध. म्हणजे साताऱ्यात भर पावसात भाषण करणारे पवार आणि ज्यांच्या विरोधात ते भाषण होतं ते उदयनराजे, दोघंही एकाच यादीतून, एकाही आमदाराचं मत न पडता दिल्लीला गेले. पावसातल्या त्या सभेत मी होतो. ८० हजारांवर मताधिक्य दिलं होतं आपण पवारांच्या पक्षाच्या श्रीनिवास पाटलांना. त्याचा मान कुणी ठेवला नाही, ना या बाजूनं ना त्या. २०२४ ला पुन्हा सहा जागा, सहा उमेदवार. मधे २०२२ ला तेवढी लढत झाली, तीही २४ वर्षांनी.

दुसरं दुखणं २००३ च्या दुरुस्तीचं. त्या आधी ज्या राज्यातून उभं राहायचं तिथला मतदार असावं लागायचं. ती अट काढली आणि २००६ ला सुप्रीम कोर्टानंही ती दुरुस्ती कायम ठेवली. २०१९ ते २०२४ या काळात महाराष्ट्राच्या १९ जागांवर कोण कोण होतं बघा. तमिळनाडूचे चिदंबरम, केरळचे मुरलीधरन, शेवटी शेवटी उत्तर प्रदेशचे इम्रान प्रतापगढी. यांना माण-खटावचा दुष्काळ कुणी सांगायचा?

सभागृह राहू द्या. बिनविरोधचा सौदा बंद करा आणि रहिवासाची अट परत आणा.

राजवाडा चौपाटी
कोरेगावकर, २०२४ ला याच सातारकरांनी उदयनराजेंना लोकसभेवर पाठवलं ते सोयीस्कर विसरलात. लोकांचा राग इतका होता तर मग निवडून का दिलं? आणि पडलेला माणूस राज्यसभेत जाऊच नये असं म्हणत असाल तर १९५२ आठवा. बाबासाहेब मुंबईतून लोकसभेला पडले आणि त्याच वर्षी राज्यसभेत गेले. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूकही गेली, तरी शेवटपर्यंत ते सदस्य होते. ज्या राजवाड्यावरच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव दाखल झालं तिथून चार पावलांवर मी राहतो. राज्यसभा नसती तर देशानं काय गमावलं असतं याचा विचार करा.

वाळव्याचा शेतकरी
तुलना कुणाची कुणाशी करताय? बाबासाहेबांना पाडलं गेलं, त्यांना कुठल्या पक्षानं पक्षांतराचं बक्षीस म्हणून जागा दिली नव्हती. हे नाव प्रत्येक भांडणात ढाल म्हणून पुढं करायचं बंद करा.

आणि कोरेगावकर, तुमच्या राज्यसभेनं शेतकऱ्याला काय दिलं ते मी सांगतो. २० सप्टेंबर २०२०, कृषी विधेयकं. विरोधक मतविभाजन मागत होते, उपसभापतींनी आवाजी मतदानावर मंजूर करून टाकली. दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित, आपले सातव त्यात. मी उसाला पाणी पाजत मोबाईलवर बघत होतो. हात वर करून मोजायचीही तयारी नसेल तर सभागृह पोसायचं कशाला? टाळंच लावा.

कोरेगावकर
वाळवेकर, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. लोकसभेत ती विधेयकं सहज निघाली. मोजणीची धास्ती वाटली ती राज्यसभेतच, कारण तिथं सत्ताधारी पक्षाचं स्वतःचं बहुमत नव्हतं. ज्या ठिकाणी अडवता येतं तेच ठिकाण बंद करा म्हणताय.

देवराष्ट्रेकर
रहिवासाच्या अटीचं फार कौतुक नको. आमच्या गावात जन्मलेले यशवंतराव चव्हाण १९६३ ला संसदेत गेले ते नाशिकमधून, आणि तेही बिनविरोध. तुमचे दोन्ही नियम लावले असते तर चीनच्या युद्धानंतरचा संरक्षणमंत्री लोकसभेत कुठून आणला असता? आणि २००३ च्या आधी तरी कोण खरे पत्ते देत होतं? मनमोहन सिंग १९९१ पासून आसामचे सदस्य होते, गुवाहाटीच्या पत्त्यावर.

कोरेगावकर
नाशिकचा मुद्दा ठीक आहे, पण ती लोकसभा होती आणि नाशिक महाराष्ट्रातच आहे. राज्यसभा ही राज्यांची सभा. पत्ते खोटे निघत होते तर ते तपासायचे, अटच मोडीत कशाला काढायची?

तासगावची सून
तुमचं घटनेचं चालू द्या, मी निधीचं सांगते. आमच्या गावात शाळेच्या दोन खोल्या गळत होत्या. सरपंच माझ्या जाऊबाई. कुणी तरी सांगितलं की राज्यसभेच्या खासदाराला वर्षाला ५ कोटी मिळतात आणि ते राज्यात कुठल्याही जिल्ह्यात देता येतात. एका सदस्यांचं शिफारस पत्र मिळवलं, नाव घेत नाही. त्यांचा नोडल जिल्हा, म्हणजे जिथून त्यांच्या निधीचा कारभार चालतो तो, दुसरा. तिथून आपल्याकडं कागद यायचा, इथं अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता. तोवर एप्रिल २०२० उजाडला आणि कोविड म्हणून निधीच गोठवला. नोव्हेंबर २०२१ ला परत सुरू झाला तेव्हा सांगण्यात आलं, नवीन पत्र आणा. पोरं दोन पावसाळे देवळात बसली.

वाळव्याचा शेतकरी
ताई, हेच. लोकसभेच्या खासदाराच्या दारात निदान जाऊन बसता तरी येतं. यांचं दार कुठं ते कुणाला माहिती?

राजवाडा चौपाटी
खोटं आहे. आमच्या वॉर्डातल्या अभ्यासिकेचं काम राज्यसभेच्या निधीतूनच झालं. मागणारा नीट पाहिजे, कागद पूर्ण पाहिजेत.

तासगावची सून
कागद अपुरे होते असं म्हणताय का? प्रत्येक पानाची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. निधी बंद केला तो सरकारनं, जाऊबाईंनी नव्हे. शहरातल्या अभ्यासिकेला चार माणसं फोन करणारी असतात, आमच्याकडं एसटी दिवसातून दोनदा येते.

राजवाडा चौपाटी
तुमच्या जाऊबाईंना बोललो नाही. निधी गोठवणं चुकीचं होतं, एवढं मान्य.

देवराष्ट्रेकर
मुळात खासदारानं शाळेच्या खोल्या का बांधायच्या? ते जिल्हा परिषदेचं काम. हा निधीच बंद करा, निम्मी लाचारी संपेल.

तासगावची सून
बंद करा, आणि खोल्या गळू द्या. तुमची पोरं कुठल्या शाळेत जातात?

जत पूर्वभाग
सगळ्यांचं वाचलं. साताऱ्याला २०२४ मध्ये लोकसभेला उदयनराजे, वर राज्यसभेत वाईचे नितीन पाटील. एका जिल्ह्यात दोन खासदार आणि तरी रडारड. आमच्याकडं या.

नोव्हेंबर २०२२ ला कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई म्हणाले, सांगलीतल्या जत तालुक्याच्या ४० गावांनी आमच्यात यायचा ठराव केलाय. एका दिवसात मुंबईचे कॅमेरे आमच्या वेशीवर. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं, बाबांनो, आम्हाला कर्नाटकाचं प्रेम नाही, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पाहिजे. कर्नाटकानं त्यांच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सोडलं आणि आमच्या हद्दीतल्या तलावात आलं, तेव्हा म्हातारी माणसं काठावर जाऊन उभी होती. राज्यसभा राज्यांसाठी आहे ना? दोन राज्यांच्या मधे म्हैसाळच्या पाण्याविना राहिलेली आमची पासष्ट गावं तहानेनं अडकली होती, तेव्हा हे १९ जण कुठं होते? आठवले साहेब तर आमच्या शेजारच्या कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आगळगावचे, केंद्रात मंत्री. म्हणजे रहिवासाची अट पाळली तरी पाणी येत नाही, कोरेगावकर.

कोरेगावकर
जतकर, या मुद्द्यावर तुमच्याशी वाद घालणार नाही. अट पाळली की पाणी येतं असं मी म्हटलेलं नाही. पण आठवल्यांना तुम्ही आज नाव घेऊन जाब विचारताय, तो ते आगळगावचे म्हणूनच. चिदंबरमना विचारलं असतंत का?

जत पूर्वभाग
नसतं विचारलं. तेवढं खरं.

वाळव्याचा शेतकरी
मग काय करायचं ते बोला. उगाच रात्र जागवू नका.

कोरेगावकर
२०२० च्या त्या सात जागांची मुदत २ एप्रिल २०२६ ला संपते. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांचे मिळून १६ आमदार मतदार आहेत. प्रत्येकानं आपल्या आमदाराला आत्ताच विचारायचं, तुमचा पक्ष कुणाला पाठवणार, तो कुठला, आणि जागेइतकेच अर्ज ठेवायचं ठरलंय का?

देवराष्ट्रेकर
आमदाराला विचारून काय उपयोग? मतदान झालंच तर मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून टाकावी लागते. ठरवणारे वरचे.

कोरेगावकर
वरचेच ठरवतात हे आमदारानं आपल्या तोंडानं गावात सांगू दे. आत्तापर्यंत तेही कुणी वदवून घेतलेलं नाही.

तासगावची सून
आमच्याकडून मी विचारते. सोबत झेरॉक्सही नेते.

जत पूर्वभाग
मीही जातो. पण आधी म्हैसाळ विस्तारित योजनेचं विचारणार, तुमच्या उमेदवाराचं त्यानंतर.