६०० पॉइंटची मर्यादा: पाळायची की ओलांडायची?

गरम_पंखा: माझ्याकडे सिस्को ७२०६ व्हीएक्सआर राउटर आहे, त्यात एनपीई-४०० (पॅकेट हाताळणारं प्रोसेसर कार्ड). डाव्या बसवर (कार्डांचा डेटा वाहणारा सामायिक मार्ग; विषम स्लॉट हिच्यावर) फास्ट इथरनेटची एकेका पोर्टची दोन कार्डं, ४०० पॉइंट. स्लॉट ५ मध्ये दोन पोर्टचं कार्ड टाकलं, आणखी ४००. एका बसची मर्यादा ६०० ची, झाले ८००. बूट होताना 'अशी मांडणी सपोर्टेड नाही' अशी कुरकुर करतं, पण सगळे पोर्ट वर येतात. माझ्या एकाही लिंकवर २० एमबीपीएसच्या वर काही जात नाही. मग घाबरायचं कशाला?

पॉइंट म्हणजे ढोबळमानाने पोर्टचा कमाल वेग, दोन्ही दिशांचा: फास्ट इथरनेटच्या १०० एमबीपीएसचे २००. पण गिगाबिट (१००० एमबीपीएस) कार्डाला कंपनीने ३०० च दिलेत. त्याच हिशेबाने २००० हवे होते. कंपनी स्वतः एवढी सूट घेते, तर मी का नको?

कन्सोलवाला: २० एमबीपीएस हा पाच मिनिटांच्या सरासरीचा आकडा ना? सरासरीवर बस चालत नाही भाऊ. चारही पोर्टवर काही मिलिसेकंद एकदम गर्दी झाली की कार्डाला बस मिळत नाही, त्याचा छोटा बफर भरतो आणि पॅकेट तिथेच सांडतं. 'ओव्हररन' आणि 'इग्नोर्ड' बघा, इंटरफेसच्या आकडेवारीत शेवटी शेवटी असतात, कुणी वाचत नाही.

आणि हे सांडणं क्यूओएसच्या (कोणतं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणाऱ्या नियमांच्या) आधी होतं. व्हॉइसला प्राधान्य कितीही द्या, राउटरने पॅकेट उघडून पाहिलेलंच नसतं. ओएसपीएफचा हॅलोसुद्धा (राउटर एकमेकांना 'मी आहे' म्हणून पाठवतात तो संदेश) त्यातच जातो. मी एका ठिकाणी हे भोगलंय. रात्री बॅकअप सुरू झाला की शेजारच्या राउटरशी संबंध तुटायचा, सकाळी सगळं आलबेल. आठवडाभर आम्ही केबलींना शिव्या घातल्या.

गरम_पंखा: काउंटर शून्य आहेत. तीन महिने.

कन्सोलवाला: तीन महिन्यांत गर्दी झाली नाही, एवढंच त्यातून कळतं.

आकडेमोड: तुम्ही दोघं बसवर भांडताय, एनपीईचं काय? ६४ बाइटची पॅकेट पूर्ण वेगाने आली तर एका फास्ट इथरनेट पोर्टवर सेकंदाला सुमारे १,४८,८१० होतात. चार पोर्टचे जवळपास ६ लाख. एनपीई-४०० ची मजल ४ लाखांच्या आसपास, तीही एसीएल (पॅकेट गाळणारे नियम), नॅट (पत्ते बदलणं) नसताना. छोट्या पॅकेटांचा मारा झाला तर बसच्या आधी सीपीयूच मान टाकेल. तेव्हा पॉइंट पाळले म्हणून निवांत झोपू नका. ८०० मुळे राउटर लगेच बसेल असंही मला वाटत नाही.

स्लॉट_शून्य: उजव्या बसवर (सम स्लॉट) काय आहे?

गरम_पंखा: तीन सिरियल कार्डं. स्लॉट भरलेत.

स्लॉट_शून्य: अहो मग अदलाबदल करा! सिरियलचे पॉइंट कमी. एक सिरियल ५ मध्ये आणा, दोन पोर्टचं कार्ड ६ मध्ये न्या. दोन्ही बस मर्यादेत. कार्डं चालू राउटरमध्ये काढता-घालता येतात, पेटी बंदही करावी लागत नाही.

गरम_पंखा: स्लॉट बदलला की इंटरफेसचं नाव बदलतं. कॉन्फिगरेशन पुन्हा लिहायचं, मॉनिटरिंगमध्येही नावं बदलायची.

कन्सोलवाला: म्हणजे मुद्दा तांत्रिक नव्हताच, कंटाळ्याचा होता. 😄

गरम_पंखा: कंटाळाही खराच असतो हो. बघतो, रविवारी रात्री.